पहिल्याच रविवारी जा, मग बोलू

यावेळी प्रश्न भरपूर आलेत, बहुतेक सगळे दोनच विषयांचे: कुठला सिनेमा बघू आणि दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला आलेल्या पाहुण्यांना कुठे नेऊ. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, पण जेवढे घेतलेत तेवढ्यांवर मनापासून लिहिलंय. मतं माझी आहेत, तुमची वेगळी असतील तर कळवा.

प्रश्न: ताई, दशावतार सिनेमा फार गाजतोय म्हणे. पण आम्ही चौघं गेलो की तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्न मिळून पंधराशे रुपये सहज जातात. थोड्या दिवसांनी मोबाइलवर येणारच ना? मग टॉकीजला जायचंच कशाला? (एक वाचक, सुदामानगर)

काका, पैशाचं तुमचं म्हणणं अगदी खरंय, त्यावर मी वाद घालणार नाही. पॉपकॉर्न घेऊ नका, घरून जेवून जा, सकाळचा शो घ्या, तो स्वस्त असतो. पण सिनेमा टॉकीजलाच बघा आणि तोही पहिल्या तीन दिवसांत, हे मी हात जोडून सांगतेय. का ते सांगते.

दशावतार १२ सप्टेंबर २०२५ ला लागला. पितृपक्ष चालू होता, घरात श्राद्धाची गडबड, म्हटलं घट बसू देत मग निवांत जाऊ. माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या, माहेर मालवणकडचं, लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला आता ५४ वर्षं झाली. लहानपणी देवळाच्या जत्रेत रात्र रात्र जागून दशावतार, म्हणजे कोकणातलं ते लोकनाट्य, बघितलेलं, त्यामुळे सिनेमाचं नाव ऐकल्यापासून त्यांचं रोज एकच, कधी जायचं गं. नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सव्वादहाच्या शोची तिकिटं काढली. त्या साडेआठलाच तयार होऊन सोफ्यावर बसल्या, माहेश्वरी नेसलेली, चष्म्याची डबी हातात. आणि थिएटरला पोचलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "आंटीजी, चार ही टिकट बुक हुए थे, शो कैंसिल हो गया, पैसे वापस आ जाएंगे." चारातली तीन आमचीच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तिथल्या बाकावर बसल्या, चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी पदराने पुसली आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊन वरण लावायचंय." मला गाडीत बसेपर्यंत रडू आवरत नव्हतं.

पण मग मी हट्टालाच पेटले. सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, मुलीच्या मैत्रिणींच्या आया, सगळ्यांना फोन केले, २६ जण जमवले आणि थिएटरच्या मॅनेजरला जाऊन भेटले, की एवढी माणसं नक्की येतात, रविवारी सकाळचा एक शो लावाल का. लावला त्यांनी. अंधार झाला, पडद्यावर रंग लावलेला चेहरा आला, पेटी आणि पखवाज सुरू झाला तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट जे धरलं ते मध्यंतरापर्यंत सोडलं नाही. मधेच मला कानात सांगत होत्या, आमच्याकडे आधी संकासूर यायचा गं, आम्ही पोरं घाबरून आईच्या मागे लपायचो. हे घरी मोबाइलवर झालं असतं का काका? घरी मधे कुकरची शिट्टी होते, कोणाचा तरी फोन येतो, आणि नट रंगाला बसलाय तो क्षण पाच इंचात मावत नाही.

सिनेमाबद्दल विचाराल तर दिलीप प्रभावळकरांसाठी बघाच. वयाची ८० वर्षं ओलांडलेला माणूस बाबुली मेस्त्री करतो, डोळ्यांनी दिसेनासं होत चाललेला दशावतारी, आणि त्यांचं चालणं, चाचपडणं, मुलाकडे बघणं, कुठेही अभिनय वाटत नाही. पूर्वार्ध मला फारच आवडला. उत्तरार्धात गोष्ट जरा जास्त फिल्मी होते, लांबतेही, माझ्या मुलीला मात्र तोच भाग आवडला. कोकणातलं जंगल इतकं सुंदर टिपलंय की आमच्या २६ जणांतल्या निम्म्यांनी तिथेच मालवणला जायचे बेत ठरवले.

आता त्या तीन दिवसांचं. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा दाखवायचं बंधन सरकारने घातलंय, आपल्या मध्य प्रदेशात तसं काही नाही. इथे शुक्रवारी सिनेमा लागतो, शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरल्या ते बघतात आणि सोमवार-मंगळवारपर्यंत पुढच्या आठवड्याचं ठरून जातं. भरल्या नाहीत की दोनाचा एक शो होतो, तोही सकाळी दहाला नाहीतर रात्री पावणेअकराला, मग त्या वेळेला कोणी जात नाही आणि तोही निघतो. म्हणजे आपण "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतो तिथेच तो सिनेमा इंदुरातून जातो. आणि हे आपल्याला जमणार नाही असंही नाही, नाटकं आणणाऱ्या आपल्या सानंद न्यासाचंच बघा ना, वर्षाचे सभासद आधी होतात, पाच-पाच गट आहेत, म्हणून मुंबई-पुण्याची नाटकं एवढ्या लांब खंडवा रोडला आपल्या विद्यापीठाच्या सभागृहात येतात. नाटकाला आपण आधी पैसे भरतो आणि सिनेमाला मात्र वाट बघत बसतो. रीगल चौराह्याला अजून रीगल म्हणतात, पण टॉकीज कधीच बंद पडली, बघायला जाणारी माणसं कमी झाली की असंच होतं.

प्रश्न: दिवाळीत पुण्याची नणंद, नंदोई आणि दोन मुलं येतायत, तीन दिवस आहेत. त्यांनी सराफ्याचे, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीचे, रील्स बघून बघून ठेवलेत. नक्की काय काय दाखवू? पुण्याची माणसं आहेत, नावं ठेवायला नकोत. (एक वहिनी, राजेंद्रनगर)

वहिनी, नावं ठेवतील म्हणून घाबरून काही दाखवू नका, जे तुम्हाला आवडतं तेच दाखवा, ते आपोआप चांगलं होतं.

पहिल्या सकाळी पोहे. पण आधीच सांगून ठेवा की हे कांदेपोहे नाहीत, दोघांची तुलना करायचीच नाही. आपले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, खाली पाणी उकळतंय आणि वर पिवळा ढीग, त्यात बडीशेप, वरून शेव, चिरलेला कांदा आणि जीरावन मसाला, शेजारी गरम जिलेबी. नंदोईंना घरी आणून देऊ नका, गाडीजवळ उभं राहून खायला लावा, ती वाफ तोंडावर यायला हवी.

मग राजवाडा, सात मजल्यांचा. आतून घाईत बघू नका, वरचे लाकडी मजले आणि खालचे दगडी नीट बघा, मुलांना सांगा की हा वाडा तीनदा जळालाय, शेवटचा १९८४ साली, आणि तरी उभा आहे. तिथून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या. मेट्रोत मुलांना बसवायचं असेल तर बसवा, ३१ मे २०२५ ला सुरू झाली, तेव्हा पाचच स्टेशनं होती, गंमत म्हणून ठीक, मोठ्यांचा अर्धा दिवस त्यात घालवू नका.

सराफा शनिवारी अजिबात नाही! पाय ठेवायला जागा नसते. आडवारी जा, रात्री साडेनऊनंतर, सोन्याचांदीची दुकानं बंद झालेली असतात आणि त्याच पायऱ्यांसमोर कढया लागलेल्या असतात. पहिल्यांदा भुट्ट्याचा कीस, भूक कडकडून असताना, कारण तो सौम्य असतो, दुधात शिजवलेला, मागाहून खाल्ला तर चव कळत नाही. मग साबुदाण्याची खिचडी, ती पण समोर मसाला कालवून देतो तशी. थंडी सुरू झाली असेल तर गराडू नावाचा कंद, तळून वर लिंबू आणि जीरावन, आणि तो गरमच खायचा, गार झाला की जड लागतो. शेवटी शिकंजी, आणि ती लिंबाची नसते हे आधी सांगा, दाट आटवलेल्या दुधाची असते, नाहीतर पुणेकर लिंबू सरबत समजून घोट घेतात आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. दोन माणसांत एक प्लेट, हे पाळलं तर सगळं खाऊन होतं.

आणि एक अख्खा दिवस महेश्वरला द्या, बाकीचं सगळं सुटलं तरी चालेल. ९० किलोमीटरच्या आसपास आहे, पहाटे सहाला निघा म्हणजे सकाळचं लिंगार्चन मिळेल. मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगं पाटावर ओळीने मांडत जातात, पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात, अहिल्यादेवींच्या काळापासून चाललंय हे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या गुरुजींच्या बोटांकडेच बघत राहिले, बोलणं नाही, घाई नाही, नुसती बोटं चालतायत. मग देवींची गादी बघा. इतकी साधी आहे की नणंदबाई विचारतील, एवढीच? हो, एवढीच. ३१ मे १७२५ ला तुमच्या महाराष्ट्रात चौंडीला जन्मलेली मुलगी इथे नर्मदेकाठी बसून सगळं माळवं सांभाळत होती, १३ ऑगस्ट १७९५ ला इथेच गेली. २०२५ मध्ये जन्माला ३०० वर्षं झाली, प्रत्येक पाहुण्याला तिथे न्यावं असं मला फार वाटतं.

साडी घ्यायचीच असेल तर आधी माग बघा. १९७८ साली होळकर घराण्यातल्यांनी रेहवा संस्था सुरू केली आणि बंद पडत आलेली विणकरी पुन्हा उभी राहिली, तिथे बायका विणताना दिसतात. खटक-खटक आवाज ऐकत पाच मिनिटं उभं राहिलं की मग दुकानात घासाघीस करवत नाही. पॅडमॅनचं शूटिंगही महेश्वरला झालंय, मुलांना घाट ओळखायला सांगा, त्यांना मजा येईल. संध्याकाळी दिवा सोडूनच निघा.

प्रश्न: छावा आता घरी बघता येतो, मुलगा ८ वर्षांचा आहे, मागे लागलाय. दाखवू का? (एक आई, तिलकनगर)

शेवटचा भाग नका दाखवू. लढाया बघू दे, विकी कौशलने जीव ओतलाय, पण पकडल्यानंतरचे हाल फार अंगावर येतात, आमच्या शेजारचा दहा वर्षांचा मुलगा दोन रात्री झोपला नव्हता. तेवढं तुम्ही तोंडी सांगा. शेजारी बसून आई सांगते तेव्हा मूल प्रश्न विचारतं, आणि शंभूराजांबद्दल प्रश्न विचारायलाच हवेत त्याने. थोडा मोठा झाला की पूर्ण बघेल.

प्रश्न: आम्ही बारावीचे आठ मित्र पातालपाणीच्या धबधब्याला बाइकने जायचं म्हणतोय, पाणी अजून आहे म्हणतात. घरचे नाही म्हणतायत. ताई तुम्हीच सांगा ना त्यांना. (एक विद्यार्थी, वैशालीनगर)

बाळा, मी घरच्यांच्याच बाजूची. जाऊ नका असं नाही म्हणत, पण कसं जायचं ते ऐक. तिथे ३०० फुटांच्या आसपास उंचीवरून पाणी पडतं आणि वरच्या बाजूला पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही लोंढा येतो. २०११ च्या जुलैमध्ये असाच आला, पाण्यात मधे खडकावर उभी असलेली माणसं एकमेकांना धरून होती आणि वाहून गेली. तो व्हिडिओ ज्याने बघितलाय तो इंदूरचा माणूस आजही पाण्यात पाय टाकण्याआधी वर बघतो. तेव्हा रेलिंगच्या आतून बघा, प्रवाहात उतरायचं नाही, रीलसाठी तर अजिबातच नाही. कबूल असेल तर घरच्यांना हे पान दाखव.

आणि बाइकपेक्षा हेरिटेज ट्रेनने जा ना. पातालपाणी ते कालाकुंड, २०१८ च्या डिसेंबरपासून चालते, घाटातून, बोगद्यांतून, पुलांवरून, सगळं मिळून दहाएक किलोमीटर असेल पण तेवढ्यात डोळ्याचं पारणं फिटतं. ती रोज नसते आणि मोसमावर असते, म्हणून आधी चालू आहे का ते बघून बुकिंग करा. ही मीटरगेजची लाइन दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज देऊन घालून घेतली होती, त्या काळातले एक कोटी! माझी आजी अकोल्याची, ती माहेरून याच मीटरगेजने यायची, आणि कालाकुंड आलं की खिडकीतून कलाकंदाचा द्रोण घ्यायचाच, तो तिने आम्हाला आणला नाही असं कधी झालं नाही. तुम्हीही घ्या, पानातला, हाताला तूप लागेल असा.

प्रश्न: मी ५२ वर्षांची आहे, नववीत शाळा सुटली. मुलीने 'आता थांबायचं नाय' दाखवला, मी रात्रभर रडले. सिनेमात होतं तसं खरंच होतं का हो? (एक वाचक ताई, रामबाग)

ताई, तुमचा निरोप मी तीनदा वाचला. खरं होतं, कारण तो सिनेमाच खऱ्या माणसांवर आहे, मुंबई महानगरपालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी झाले त्यांची गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघांनी हसवायचं सोडून इतकं आतून काम केलंय, आणि मला सगळ्यात भिडलं ते त्यांचं वहीकडे बघणं, हात झाडूला सरावलेला आणि पेन धरताना थरथरणारा. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं पहिलं म्हणून आपण मिरवतो, पण पहाटे कचरागाडीचं गाणं वाजतं तेव्हा गाडीमागे उभ्या असलेल्या बाईचं शिक्षण किती, तिला पुढे शिकायचंय का, हे मी तरी तो सिनेमा बघेपर्यंत कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. ती आठवीपर्यंत शिकलेली आहे.

आता तुमचं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, ज्याला एनआयओएस म्हणतात, तिथे दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण हवीत, वरच्या वयाची अट नाहीच. वर्षातून दोनदा परीक्षा, एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं आणि त्यात नऊ वेळा बसता येतं, म्हणजे एकेक-दोन दोन विषय करत गेलात तरी होतं. गणिताची भीती असेल तर विषय निवडायची मोकळीक पण आहे. दहावीला बसून नापास झालेल्यांसाठी आपल्या मध्य प्रदेश राज्य मुक्त शाळेची 'रुक जाना नहीं' नावाची योजना वेगळी होती, नाव बघा, सिनेमाचंच हिंदी वाटतं. मुलीला फॉर्म भरायला बसवा. आणि पहिला विषय मराठी घेता आला तर घ्या, सुरुवात सोपी जाते. मला कळवायचं बरं का, मी वाट बघतेय.

प्रश्न: साबर बोंडं बघितलात का? मला मुलासोबत बघायचाय. त्याने मागच्या वर्षी मला स्वतःबद्दल काही सांगितलं, त्यानंतर आम्ही दोघं नीट बोललोच नाही. (नाव नको, इंदूर)

बघितला, पुण्याला गेले होते तेव्हा. सनडान्स महोत्सवात २०२५ मध्ये मोठं ज्युरी पारितोषिक मिळालंय, पण तुमच्यासाठी ते महत्त्वाचं नाही. वडील गेल्यावर मुलगा दहा दिवसांसाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि आईला सगळं माहीत असतं. ती मोठं भाषण करत नाही, ती फक्त मुलाच्या बाजूला असते. सिनेमा संथ आहे, लांब लांब शांतता आहे, मधे उठू नका. आणि बघून झाल्यावर लगेच काही बोलायलाच हवं असं नाही. त्याला आवडतं ते जेवायला करा, शेजारी बसा. तो बोलेल.

प्रश्न: आम्ही चौदा जणींची भिशी आहे, दर महिन्याला हॉटेलात जाऊन तेच तेच खातो. दिवाळीनंतरच्या भिशीला महेश्वर करू की सिनेमा? जारण करायचा का सगळ्या मिळून? (भिशी मंडळ, लोकमान्यनगर)

जारण थिएटरमधून गेला आता, २०२५ च्या जून महिन्यातला तो, पण कोणाच्या तरी घरी दिवे बंद करून बघा, अमृता सुभाषने कमाल केलीय. भीती हळूहळू चढते, दचकवत नाही, बरेच दिवस मागे लागते. ज्यांना रात्री एकटं राहायचं असतं त्यांनी दुपारीच बघावा.

महेश्वर थंडीतच करा, नोव्हेंबर-डिसेंबर, तेव्हा दगडी घाट तापत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना किल्ल्याच्या वरच्या बाजूने न्या, घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, उतरताना जास्त त्रास होतो.

आणि चौदा जणी म्हणजे तुम्ही अर्ध्या शोच्या मालकिणी आहात! प्रत्येकीने एक एक माणूस आणला तर २८ होतात, आम्ही २६ मध्ये शो लावून घेतला होता. पुढचा मराठी सिनेमा लागेल त्या बुधवारीच थिएटरला फोन करा, रविवारची तिकिटं एकत्र काढा, भिशीचे पैसे आहेतच. माझ्या सासूबाईंना सोबत यायचंय, त्यांची एक खुर्ची कडेची धरा, त्यांना मधे उठावं लागतं.